कीपरची टीझल

"वैनी, थांबा, त्याच्यामागं पळू नका! तुम्ही जितकं पळाल तितकं ते आत जास्वंदीत घुसणार. कुणाची चप्पल आहे?"

"ह्यांची ओ. मागच्याच महिन्यात घेतलेली, चांगली कापशी. रोजचं झालंय अक्का हे. काल उशीचा अभ्रा, परवा दुधाची पिशवी."

"आधी ती काठी टाका. खाली बसा. तिथंच, जरा तिरक्या बसा, आणि ब्रुनोकडं बघूच नका. काहीतरी गोड बोला. आलं बघा! हिसकावू नका, राहू दे तोंडात. छातीवर खाजवा, शाबास म्हणा. हां, आता तळहात जबड्याखाली धरा, आपोआप सोडतंय. दात उमटलाय का कुठं चपलेवर?"

"नाही की! पण अक्का, चोरी केली म्हणून शाबासकी?"

"त्याच्या हिशेबानं ती चोरी नाही. लॅब्रॅडॉर म्हणजे आणून देणारी जात. काठी दाखवली की ते एवढंच शिकतं, की तोंडात काही असलं की माणसापासनं लांब पळायचं. पुढं पुढं काढून घेतील म्हणून गिळूनच टाकतंय. मागच्या गल्लीतल्या त्या पांढऱ्या कुत्र्याच्या पोटातनं अख्खा मोजा निघाला, ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण तुम्हाला हे कुणी शिकवलं? तुमच्याकडं तर मांजरसुद्धा टिकत नाही."

"लेकीच्या शेजाऱ्यानं. दोनदा जाऊन आले ना मी नॉरफोकला. लेक-जावई दोघंही दवाखान्यात, किंग्ज लिनला, पण घर खेड्यात. चहूकडं शेतं. आपल्याकडं ऊस, तिथं साखरेचं बीट. पोरं सकाळी गेली की मी फळ्यांच्या कुंपणाशी. पलीकडं म्हातारा-म्हातारी. म्हातारा जन्मभर गेमकीपर होता."

"म्हणजे काय करतात?"

"जमीनदाराच्या रानात पक्षी वाढवायचे, कोल्ह्यांपासनं राखायचे, आणि मोसमात बंदूकवाले आले की त्यांच्या डोक्यावरनं उडवायचे. फेझंट म्हणतात. नर तांबूस, चकचकीत, हातभर शेपटी. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी एवढाच मोसम. रविवारी बंदी, ख्रिसमसला बंदी."

"आणि मारायचे? वाढवून?"

"तर! दर वर्षी कोट्यवधी पिल्लं वाढवून रानात सोडतात, कशाला, तर पाडायला. मला ते पटलं नाही वैनी, तोंडावर सांगितलं मी म्हाताऱ्याला. तो म्हणाला, तुम्ही कोंबडी खाता ना? आता कोल्हापूरच्या माणसानं यावर काय बोलायचं! पण एक त्याचं मला पटलं. गोळीबार होणारच असेल, तर पंख तुटलेला पक्षी रात्रभर कुंपणाच्या झुडपात तडफडत राहू नये. माणसाला तो सापडत नाही, कुत्र्याला सापडतो. म्हणून म्हातारा अजून जातो, कुत्री घेऊन. बंदूकवाले पुढं, हा बराच मागं, पडलेलं गोळा करायला. दिवसाचे थोडे पौंड, दुपारचं जेवण आणि घरी येताना पक्ष्यांची जोडी. म्हातारी म्हणायची, पैशासाठी नाही जात, कुत्र्यांसाठी जातो. मला एवढ्या वर्षांत कधी 'गुड गर्ल' म्हटला नाही, कुत्रीला दिवसातनं वीसदा म्हणतो."

"अगं बाई! पुरुष सगळीकडं सारखेच."

"पहिल्या खेपेला गेले तेव्हा टीझल नुकती आणलेली, आठ आठवड्यांची, काळीकुळकुळीत. कामाची लॅब्रॅडॉर तिकडं बहुतेक काळीच दिसतात, आणि अशी ब्रुनोसारखी गोल नसतात, सडसडीत असतात. रागावू नका, पण ह्याची चपाती कमी करा. तर टीझल दिसेल ते तोंडात घ्यायची. बूट, भांडी पुसायचं फडकं, एकदा तर माझा चष्मा. आणि दोघं नवराबायको काय करायचे माहीत आहे? जे आणेल त्याचं कौतुक. नको असलेली वस्तू घराबाहेर ठेवायची जबाबदारी माणसाची, असा त्या घरचा कायदा."

"आमच्या ह्यांना सांगा हे. चप्पल दारातच सोडतात."

"सांगते की. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गंमत सुरू झाली. जुन्या मोज्याचा गोळा करायचा आणि बोळात टाकायचा. त्यांच्या घरात अरुंद बोळ होता, पलीकडचं दार बंद, आणि अलीकडच्या तोंडाशी म्हातारा बसलेला. त्याच्यामागं तिची पथारी. कुत्र्याला काही मिळालं की ते आपल्या जागेवर न्यायला बघतंय. तिला जागेवर जायचं तर म्हाताऱ्यावरनंच जावं लागणार! ती आली की हा तिला कवेत घ्यायचा, मोज्याला हातच लावायचा नाही. चांगलं कुरवाळून झाल्यावर मग मोजा. दोनदा टाकायचा, फार तर तीनदा, की बंद. ती 'अजून, अजून' करत असतानाच खिशात. आणि दात पडायला लागले तेव्हा काही आठवडे सगळं बंदच. हिरड्या सुजलेल्या असतात, तेव्हा आणायला लावलं तर दुखतं, आणि दुखणं आणि आणणं यांची डोक्यात कायमची गाठ बसते."

"आमचा नातू तर दिवसभर चेंडू फेकतो ह्याला. आणि दोरी ओढायचा खेळ."

"ओढाओढी तर तिकडं पापच. एकदा ओढायची सवय लागली की पक्षीसुद्धा सोडणार नाही, आवळून धरणार. पिळला, फासळ्या मोडल्या, की तो पक्षी खायच्या कामाचा राहत नाही. कडक तोंडाचं कुत्रं म्हणतात त्याला, आणि ते एकदा झालं की सहसा सुटत नाही म्हणे. पण वैनी, आणणं हा भाग सोपाच. खरी मेहनत दुसरीकडंच आहे. मला आधी कळेचना म्हातारा काय करतोय ते."

"काय करत होता?"

"मैदानात टीझलला बसवायचा. कापडाची गच्च भरलेली हिरवी पिशवी असते, डमी म्हणतात, अर्ध्या किलोच्या आसपास. तशा तीन घ्यायचा. एक डावीकडं फेकली, एक उजवीकडं, एक तिच्या डोक्यावरनं मागं. ती थरथरतेय, तोंडातनं लाळेची तार लोंबतेय, पण बूड हललं नाही. आणि मग हा स्वतः, गुडघे दुखताहेत, वाकत वाकत जाऊन तिन्ही उचलून आणायचा! मी कुंपणावरनं म्हटलं, बाबा, कुत्रं तुम्ही पाळलंय की कुत्र्यानं तुम्हाला? तो म्हणाला, जे जे पडतं ते सगळं तिचं नाही, हे तिला कळू दे. निम्म्याच्या वर मीच उचलणार."

"म्हणजे आणायला शिकवायचं कुत्रं, आणि शिकवायचं काय तर जायचं नाही!"

"अगदी! आणायचं तिला आईच्या पोटातनं येतंय, थांबणं येत नाही. शिकारीच्या दिवशी आकाशातनं पाचपन्नास पक्षी पडत असतात. प्रत्येकामागं कुत्रं सुटलं तर एक तर बंदुकीपुढं येईल, नाहीतर पुढच्या झाडीत घुसून न उडालेले सगळे पक्षी एकदम उठवील. आणि जो जखमी होऊन पळतोय, ज्याला आधी धरायला पाहिजे, तो राहील बाजूला. म्हणून ताट समोर ठेवलं तरी बसायचं. दार उघडलं तरी बसायचं. सशानं पुढनं उडी मारली तरी बसायचं. सहा-सात महिन्यांची होईपर्यंत तर दुसरं फारसं काही नव्हतंच."

"माझ्या माहेरी, जतकडं, कारवानी कुत्री होती. ससा दिसला की सुटलीच. त्यांना कोण बसवणार!"

"ती जातच निराळी ना. डोळ्यानं बघायचं, धावायचं, धरायचं, मारायचं. मुधोळच्या घोरपड्यांनी पंचम जॉर्ज राजाला त्याच जातीची जोडी भेट दिली होती. त्यांच्यात माणसाचं काम एकदा सोडलं की संपलं. आणि आपल्या महाराजांचे चित्ते आठवा. आमचे सासरे सांगायचे, काळवीट पाडलं की चित्ता तिथंच मानगूट धरून बसायचा. चित्तेवान धावत जाणार, लाकडी पळीत रक्त पुढं करणार, तेव्हा कुठं सोडणार. आणून देतोय कशाला! आता १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडं हे सगळंच बंद, आणि बरंच झालं. नव्या राजवाड्याच्या म्युझियममध्ये भुसा भरलेले प्राणी बघायचे."

"मग लॅब्रॅडॉर असं शहाणं कशामुळं?"

"मूळची कोळ्यांची कुत्री. कॅनडाच्या बाजूला न्यूफाउंडलंड बेट आहे, तिथं थंड पाण्यात उड्या मारून निसटलेले मासे नि दोर आणून द्यायची. सुकवलेल्या कॉड माशांच्या गलबतांतनं इंग्लंडात पूल बंदरावर उतरली. तिथल्या उमरावांनी हेरलं, की हे मासा न चावता आणतंय, तर पक्षीही आणील. केनेल क्लबात जात म्हणून नोंद झाली १९०३ मध्ये. बंदुकीबरोबर राहायचं तर माणसाकडं बघत राहणारंच कुत्रं लागतंय, तशीच निवडून निवडून पैदास केलेली. त्यांची एलिझाबेथ राणी होती ना, तिचं सॅन्ड्रिंगहॅम लेकीच्या घरापासनं जवळच. तिथं तिची लॅब्रॅडॉर आणि कॉकर स्पॅनियल होती. डोक्याला रुमाल बांधून, गळ्यात शिट्टी घालून ती स्वतः पक्षी उचलायला उभी राहायची. म्हाताऱ्याला त्याचं भारी कौतुक. राजाचं राहू दे, म्हणायचा, बाईला कुत्रं हाकता येत होतं."

"शिट्टीनं कसं कळतं त्याला?"

"लांब एक शिट्टी म्हणजे असशील तिथं बूड टेक आणि माझ्याकडं बघ. तुटक तुटक, पिप-पिप-पिप, म्हणजे परत ये. दोनच. शिट्टी प्लास्टिकची, बर्मिंगहॅमची, अॅक्मे कंपनीची, आणि त्यावर नंबर असतो, दोनशे साडेदहा. त्या नंबरच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर तोच. हरवली तर दुसरी घ्या, कुत्र्याला फरक कळत नाही. माणसाचा आवाज रागात बदलतो, शिट्टीचा बदलत नाही, हा त्यातला मोठा फायदा. मी म्हटलं, बाबा, संसारातसुद्धा चालेल ही. म्हातारी हसून हसून खाली बसली."

"मग बंदुकीच्या आवाजाला घाबरत नाही का? आमचं दिवाळीत पलंगाखाली."

"घाबरवलं तर घाबरतंय. ते अगदी सांभाळून करतात. टीझल जेवत असताना म्हातारी शेताच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन लहान पिस्तुलातनं एक रिकामा बार काढायची. हिनं कान हलवला, पुन्हा ताटात तोंड. मग हळूहळू अंतर कमी. आवाज झाला की काहीतरी चांगलं होतंय, एवढंच तिला ठाऊक. काही जण पिल्लाला थेट बंदुकीशेजारी उभं करतात आणि मग बुजरं झालं म्हणून रडतात. तुमच्या ब्रुनोचं मात्र कठीण आहे, ॲटम बॉम्ब नातवानंच लावला होता ना त्याच्याजवळ? असो."

"पुढं सांगा. पक्षी कधी दिला?"

"ते दुसऱ्या खेपेला बघितलं मी. सप्टेंबरात पोचले, टीझल दीड वर्षाची. आता बीटाच्या शेतात लपवलेली डमी, तिनं पडताना बघितलेलीसुद्धा नाही, ती आणायची. हा बांधावरनं सोडायचा, वारा तिच्या नाकावर येईल असा. ती शंभर पावलं गेली की लांब शिट्टी. फर्रकन बसली, तोंड ह्याच्याकडं. ह्यानं उजवा हात आडवा केला की ती त्या बाजूला. हात वर उभा ढकलला की आणखी मागं. आणि जागेच्या आसपास पोचली की मग मात्र तो गप्प. नाक तिचं आहे, म्हणायचा, माझं तिथं काय काम? वैनी, मला हे सगळ्यात आवडलं. शिकवणाऱ्याला गप्प कधी बसायचं ते कळणं."

"आणि पक्षी?"

"सांगते की. डमीला आधी वाळलेले पंख रबरानं बांधले. ते नीट आणायला लागल्यावर खरा पक्षी, पण गार. आदल्या दिवशीचा, कोरडा, न फाटलेला, रक्त न लागलेला. कबुतर देतात काही जण, पण त्याची पिसं फार सुटी, तोंडभर चिकटतात आणि कुत्र्याला किळस बसते. मग ते पायमोज्यात घालून देतात, बायकांचे लांब नायलॉनचे असतात ना. म्हातारीचा एकही जोड धड राहिला नव्हता. चर्चला जायच्या वेळी कपाट उघडलं की दोघांचं भांडण. ती मला कुंपणावर येऊन सांगायची, बघ, माझे पाय थंडीत उघडे आणि मेलेलं कबुतर उबेत!"

"हा हा! पण गरम पक्षी का नाही?"

"ताजा, उबदार, रक्ताचा वास, पिल्लाचं डोकं फिरतंय. त्यातनं पळता असला, पंख मारतोय, नखं मारतोय, तर ते स्वतःला वाचवायला आवळतं. एकदा आवळलं की संपलं, ते कडक तोंड म्हणतात ना, तिथनंच सुरू होतंय. नर फेझंटला पायाला आरी असते कोंबड्यासारखी. म्हणून आधी गार मादी, मग गार नर, मग ताजा पण मेलेला, आणि जखमी पळता तर सगळ्यात शेवटी. पहिल्या मोसमात टाळतातच शक्यतो, ते काम म्हाताऱ्या कुत्रीचं."

"तुम्ही बघायला गेलात का शिकारीला?"

"गेले. स्वेटरवर स्वेटर, जावयाचे गमबूट. जावई म्हणाला आई, बीपीची गोळी घेतलीत ना. आठ जण बंदुका घेऊन एका रांगेत, खुंट्या मारलेल्या असतात, ज्याची त्याची जागा. पलीकडनं झाडीतनं हाकारे येतात, काठ्या ठोकत. मग एकेक पक्षी झाडांच्या शेंड्यावरनं, आणि धाडधाड. मी डोळे मिटले पहिल्यांदा, खोटं कशाला सांगू. टीझलला सकाळभर काही काम नाही, साखळीला बांधून नुसती बसवलेली. बघ आणि बस. म्हातारी कुत्री जात होती, येत होती, आणि ही नुसतं पुटपुटत होती, नाकातनं. शेवटच्या हाक्यानंतर सगळं थांबलं, बंदुका मोडून रिकाम्या केल्या, आणि उघड्यावर, कापलेल्या गव्हाच्या खुंटांत एक मादी पडली होती, मेलेली. म्हाताऱ्यानं साखळी काढली. लगेच सोडलं नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघेपर्यंत थांबला. मग नाव घेतलं, नुसतं नाव."

"आणि?"

"गेली सुसाट, उचलला, आणि येताना चाल बदलली तिची. देवघरातली पेटती समई हलवताना आपण चालतो ना, तसं. पक्ष्याचा एक पंख सुटून तिच्या डोळ्यावर आलेला, एका डोळ्यानं बघत येतेय. समोर येऊन बसली, मान वर. म्हाताऱ्यानं दोन्ही हात खाली धरले, ती सोडेपर्यंत थांबला. मग पक्षी उताणा करून छातीवरची पिसं फुंकली, आणि अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, अशा दोन्हीकडच्या फासळ्या चाचपल्या. अगदी सावकाश. त्यांच्या स्पर्धांत परीक्षकसुद्धा असंच बघतात, फासळ्या पिचलेल्या असल्या तर कुत्रं बाद. मग मला म्हणाला, हात लावून बघा. मी लावला. कोमट होता, वैनी. आणि एक फासळी इकडची तिकडं नाही. टीझलच्या ओठाला एक बारीक पीस चिकटलेलं, ते तिनं जिभेनं काढायचा खूप प्रयत्न केला, म्हाताऱ्यानं बोटानं काढून दिलं."

"म्हाताऱ्याला आनंद झाला असेल."

"काही बोलला नाही. पुन्हा साखळी लावली. एकच पक्षी, बास. म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं, डोळे बघ त्याचे. पण त्या दिवशीचं खरं बोलणं दुसरंच झालं. टीझलचं कुणालाच काही नाही."

"काय झालं?"

"त्या गावात एक लंडनवाला आलाय. बँकेतनं निवृत्त, मोठं घर घेतलंय चर्चच्या मागं. आल्या आल्या पूर्ण शिकवलेलं कुत्रं विकत घेतलं, काही हजार पौंडाला. तयार, परीक्षा झालेलं. आणि मग वर्षभर त्याच्या मुलांनी टेनिसचे चेंडू फेकले. सकाळ-संध्याकाळ, शंभरदा. म्हातारा कुंपणावरनं बघायचा आणि दात खायचा. सांगून कोण ऐकतंय?"

"आमच्या नातवासारखं."

"तसंच. तर दुसऱ्या हाक्याला हे महाशय खुंटीशी उभे, कुत्रं शेजारी मोकळं. पहिला पक्षी पडला आणि ते सुटलं. हा शिट्ट्या फुंकतोय, लाल झालाय, ते ऐकतंय कशाला! पक्षी उचलला, टाकला, दुसरा उचलला, आणि तसंच सरळ समोरच्या झाडीत. झाडीत शेकडो पक्षी दबून होते, हाकारे अजून निम्म्यात. सगळे एकदम उठले, आणि बंदुकांवरनं नाही, मागच्या बाजूनं, पार शेजारच्या इस्टेटीत. आठ जण माना वर करून नुसते बघताहेत. एक बार नाही. त्यांच्यात याच्याएवढा गुन्हा नाही, वैनी. एकेकानं त्या दिवसाचे शेकडो पौंड मोजलेले."

"बाई गं! भांडले का?"

"अजिबात नाही! इंग्रज तो. सगळे 'कुत्रं काय चपळ आहे हो तुमचं' म्हणाले. जेवताना सूप वाढलं, हवेवर बोलले. आणि कुत्रं मिळालं कुठं? त्याच्या गाडीखाली, पक्षी अर्धा खाऊन. म्हातारीनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, ह्याला आता पुढचं बोलावणं येत नाही बघ. आणि नाहीच आलं, लेकीनं परवा फोनवर सांगितलं. त्याच्या बायकोला मात्र आलं. हाकारा करायला."

"बायकोला? ती काय करते त्यात?"

"काठी घेऊन रांगेत चालते. थांब म्हटलं की थांबते म्हणे."